बारा वाजले

वयाच्या ४६व्या वर्षी मी मोटरसायकल घेतली. त्याआधीचं माझं दुचाकीवरचं सगळं आयुष्य बिनगिअरच्या स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये भाजीची पिशवी ठेवून गेलेलं. त्यामुळे साडेतीनशे सीसीची काळीभोर गाडी दारात आली तेव्हा आईने तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बायकोने "ही आडवी झाली तर उभी कोण करणार?" एवढाच प्रश्न विचारला. प्रश्न रास्त होता. मलाही क्लचची, गिअरची, चढावर सिग्नल लागण्याची, मागून हॉर्न देणाऱ्या पीएमपी बसची अशी सगळ्यांची भीती वाटत होती. फक्त बॅटरीची वाटली नव्हती. बॅटरी रिमोटमध्ये असते, चालेनाशी झाली की काढून तळहातावर चोळायची, दाताने जराशी चेपायची आणि उलटसुलट करून पुन्हा घालायची, इथपर्यंतच माझं शिक्षण झालं होतं.

मग पावसाळा आला. महिनाभर गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. अधूनमधून कौतुकाने काढायचो, तीही कोपऱ्यावरून दूध आणण्यापुरती. ऑगस्टमधल्या एका रविवारी पाऊस थांबला आणि ऑफिसातल्या मंडळींनी ताम्हिणीला जायचं ठरवलं. मी सव्वासहाला खाली उतरलो. जॅकेट, गुडघ्यांना ढाली, हातमोजे, हेल्मेट. वॉचमनने मला ओळखलं नाही आणि रजिस्टरमध्ये सही करायला सांगितली. मी रुबाबात किल्ली फिरवली, बटणावर अंगठा ठेवला.

कट्.

पुन्हा दाबलं. कट् कट् कट् कट्. मनात शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. ही सीटखाली चुकचुकत होती. मीटरमधला दिवा प्रत्येक कट्ला मान टाकत होता. मग तो विझलाच आणि परत आला तेव्हा गाडीच्या घड्याळात १२:०० वाजले होते.

अशा प्रसंगी दुसऱ्या मजल्यावरचे काका कपबशी घेऊन गॅलरीत उभे असतातच. ते खाली आले. काकांकडे एके काळी बुलेट होती आणि तिच्या हेडलाइटच्या वर अँपिअरचा काटा होता. ती सुरू करण्याचा विधी त्यांनी मला त्या दिवशी साभिनय करून दाखवला. किल्ली फिरवायची, किकने इंजिन हळूहळू फिरवत काटा बरोब्बर मधोमध आणायचा, डिकॉम्प्रेसरचा खटका दाबायचा, किक अंमळ पुढे सरकवायची, खटका सोडायचा, आणि मग देवाचं नाव घेऊन अंगातलं सगळं वजन उजव्या पायावर टाकायचं. हे सगळं त्यांनी लुंगीवर केलं.

"तुझा काटा कुठाय?"

"काटा नाहीये काका."

"किक?"

"किकपण नाहीये."

"मग आहे काय गाडीला?"

"ब्लूटूथ आहे," मी म्हणालो.

काकांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि "धक्का मारू" असा निर्णय दिला. वॉचमन, दूधवाला, क्रिकेट खेळायला निघालेली दोन पोरं आणि सूत्रसंचालनाला काका. मी दुसरा गिअर टाकून क्लच दाबून बसलो, त्यांनी ढकललं, वेग आल्यावर काका ओरडले "सोड!" आणि मी क्लच सोडला. मागचं चाक कचकन घासलं आणि दूधवाला माझ्या पाठीवर आला. असे सोसायटीला तीन फेरे झाले. सात घालायची माझी तयारी होती, पण दूधवाल्याला उशीर होत होता.

गाडी का सुरू होत नव्हती ते पुढे मेकॅनिकने सांगितलं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन फिरलं की ते स्वतःच पेट्रोल ओढून घेतं, म्हणून धक्क्याला ती दाद देते. १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम आले तशी कार्ब्युरेटरची सद्दी संपली आणि इंजेक्शन आलं. आता टाकीतला पेट्रोलचा पंप विजेवर, पेट्रोल किती सोडायचं हे ठरवणारा मेंदू विजेवर. बॅटरी अशक्त असेल तर धक्क्याने एखादे वेळी जमून जातं. ती पुरती गेली असेल, तर गाडी ढकलून ताम्हिणीला नेता येते, एवढंच.

मेकॅनिक आला तो दोन जाड वायरी गळ्यात अडकवून. आपल्या गाडीची बॅटरी माझ्या बॅटरीला जोडून त्याने एका बटणात इंजिन सुरू केलं, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं.

"साहेब, गाडी चालवता का?"

"नवीन आहे ना, जपून ठेवलीये."

"जपल्यामुळंच गेली." त्याने तीनशे रुपये घेतले. "रोज अर्धा तास तरी पळवा. आणि दुधाला नेऊ नका."

दुधाला न नेण्यामागे हिशेब आहे. एकदा सेल्फ मारला की बॅटरीच्या कमाईतला मोठा लचका जातो. तो भरून निघायला इंजिन बरं फिरावं लागतं, कारण सिग्नलला घुटमळत उभ्या असलेल्या इंजिनातून जेमतेम वीज बनते. त्यात हेडलाइटला बटणच नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, म्हणजे कमाई सुरू होण्याआधीच घरभाडं कापलेलं. (समोरून येणारे सज्जन अजूनही पाच बोटं मिटून-उघडून "दिवा चालू आहे" असं खुणावतात. मीही सुरुवातीला त्यांना प्रतिनमस्कार करायचो.) दोन मिनिटांवरच्या दुधाला मोटरसायकल नेणं म्हणजे पन्नास रुपये रिक्षाला घालवून दोन रुपये स्वस्त कोथिंबीर आणणं.

मी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर विकत घेतला. इथून माझं अधःपतन सुरू झालं.

आपण जिला बारा व्होल्टची बॅटरी म्हणतो, ती बारा व्होल्टची नसते. आत सहा कप्पे असतात, प्रत्येक दोन व्होल्टच्या किंचित वरचा. पूर्ण भरलेली, निवांत पडलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. आणि बारा व्होल्टची बॅटरी बरोबर बारावर आली, की तिचे बारा वाजलेले असतात. शिसं आणि गंधकाच्या आम्लाचा हा संसार १८५९ साली गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने मांडला. त्या वेळी मोटरसायकलचा शोध लागला नव्हता, त्यामुळे त्याच्या रविवारांना काही झालं नाही.

रोज आकडा लिहून ठेवायचा तर वही हवी. घरात एक वही फ्रिजवर असतेच, आईच्या ब्लडप्रेशरची. तारीख, वरचा, खालचा. आईने स्वतःहून पट्टीने तिसरा रकाना आखून दिला. रोज सकाळी ती यंत्राचा पट्टा दंडाला गुंडाळता गुंडाळता विचारायची, "तुझीचं किती आलं?"

"१२.५."

"माझं १३०-८०. दोघी बऱ्या आहोत म्हणायच्या."

आकडा घसरू नये म्हणून मी पहाटे गाडी फिरवायला नेऊ लागलो. फिरायला नव्हे, फिरवायला. सोसायटीतले कुत्रेवाले त्याच वेळी बाहेर पडतात. त्यांच्या हातात साखळी, माझ्या हातात किल्ली. आम्ही एकमेकांना मान तुकवतो. त्यांच्यातल्या एकाने तर "रोज नेता? चावत नाही ना?" असंही विचारलं. सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. धरणापाशी चहाचा वास येतो. पण चहाला थांबायचं तर इंजिन बंद करावं लागेल, आणि बंद केलं तर पुन्हा सेल्फ मारावा लागेल, म्हणजे जाताना मिळवलेलं येण्याआधीच गेलं. म्हणून मी भिंतीशी गाडी वळवतो, जलाशयाकडे धावती नजर टाकतो आणि माघारी फिरतो. हौसेने घेतलेल्या गाडीवरून मी निसर्ग पाहिला तो एवढाच. बायकोचं म्हणणं असं की, मला डॉक्टरांनी रोज ४० मिनिटं चालायला सांगितलंय आणि ती ४० मिनिटं मी बॅटरीला देतो.

एवढं करून मामाच्या मुलीच्या लग्नात घात झाला. मी क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे हँडलवरचं लाल बटण दाबून इंजिन बंद केलं आणि अक्षता चुकायला नकोत म्हणून कार्यालयात पळालो. लाल बटणाने इंजिन बंद होतं, बाकीचं नाही. किल्ली गाडीलाच, तीही चालू. चार तास मीटर, मागचा दिवा, पुढचा छोटा दिवा असे सगळे मिळून आमच्या आहेराला रोषणाई करत होते. मठ्ठ्याचा दुसरा ग्लास पिताना मी खिसा चाचपला. धावत बाहेर आलो. गाडी होती. एखाद्या चोराने नक्की प्रयत्न केला असणार, कट् कट् ऐकून तोही हळहळत पुढे गेला असणार. घरी आल्यावर मोजलं तर ११.८. आईने वहीत लिहिलं आणि खाली लाल रेघ मारली.

मग चार्जर आणला. आठ अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअर आठ तास पुरवेल एवढी बॅटरी असेल तर एक अँपिअरच्या आसपासचा बारका चार्जर पुरतो, रात्रभर हळूहळू पाजत राहतो. अडचण अशी की पार्किंगमध्ये प्लग नाही. मी खिडकीतून एक्स्टेंशनची वायर खाली सोडली. दुसऱ्याच दिवशी कमिटीने "काही सभासद सामाईक हवेतून खासगी वायर सोडत असल्याचे निदर्शनास आले आहे" अशी नोटीस लावली. काही सभासद म्हणजे मी. मग बॅटरीच काढून वर न्यायची ठरली.

बॅटरी काढणं सोपं असतं. दहाचा पाना घ्यायचा, काळी वायर आधी सोडायची, लाल नंतर. बसवताना उलट, लाल आधी, काळी शेवटी. काळी वायर गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. ती तशीच ठेवून लालला हात घातला आणि पाना चुकून लोखंडाला टेकला, तर दिवाळी तिथेच. हे सगळं मला पाठ होतं. मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते त्या चौकोनी नटाबद्दल.

बॅटरीच्या टोकाला शिशाची एक खोबण असते. तिच्यात एक बोटाच्या नखाएवढा चौकोनी नट नुसता ठेवलेला असतो. नुसता. वरून बोल्ट यायचा आणि त्याने नटाला पकडायचं, अशी अपेक्षा. पण बोल्ट वरून टेकला की नट लाजून खाली बसतो. त्याला वर उचलायला खालून करंगळी घालावी तर माझी करंगळी खोबणीच्या दुप्पट. मी चिमटा वापरला, केसाची पिन वापरली, शेवटी विनवणी केली. मग तो निसटला, टिंग करून एकदा वाजला आणि गाडीच्या पोटात कुठेतरी गेला. मी टॉर्च तोंडात धरून ४५ मिनिटं त्या पोटात पाहत होतो. तेवढ्यात काका आले. "पाणी घातलंस का बॅटरीत?" त्यांच्या काळी महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागे. ही सीलबंद आहे हे सांगायला तोंड मोकळं नव्हतं. नट सापडला तो माझ्या चपलेत. नटाखाली पावाच्या कागदाची घडी करून सारायची म्हणजे तो वर उचललेला राहतो, ही युक्ती दूधवाल्याने सांगितली. त्या धक्क्यानंतर त्याला माझ्याबद्दल आपुलकी वाटते.

तर तीन किलोची बॅटरी गॅलरीत तुळशीशेजारी बसली. गॅलरीत अशासाठी की चार्ज होताना तिच्यातून थोडा हायड्रोजन निघू शकतो, त्याला मोकळी हवा बरी. दसऱ्याला गाडी खाली आणि बॅटरी वर अशी फाटाफूट होती. आईने झेंडूचा एकच हार आणला होता. तो कापून दोघींना अर्धा अर्धा घातला.

आणि तरीही आकडा घसरायचा. चार्ज करून, फिरवून, ओवाळूनही दोन आठवडे गाडी उभी राहिली की पुन्हा पाल. नवी बॅटरी घ्यायच्या बेतात होतो, तेव्हा मेकॅनिकने हँडलकडे बोट दाखवलं.

"हे काय बसवलंय?"

तो माझा व्होल्टमीटर होता. रोज सीट उघडायचा कंटाळा म्हणून मी हँडलवर निळ्या आकड्यांचा एक मीटर बसवून घेतला होता. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातल्या पोराने त्याची वायर थेट बॅटरीला जोडली होती, किल्लीशी संबंधच नाही. अंधाऱ्या पार्किंगमध्ये कव्हरच्या आत, कुणीही बघत नसताना, तो रात्रंदिवस आकडा दाखवत होता. मेकॅनिकने मोजलं, वीस मिलिअँपिअर. म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा अँपिअर-अवर. आठच्या बॅटरीला सोळा दिवस. बॅटरीत किती उरलंय हे सांगण्यात बॅटरी संपत होती. वायर किल्लीमागे जोडून द्यायचे त्याने शंभर रुपये घेतले आणि हसायचे काही घेतले नाहीत.

परवा आईला तपासणीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी वही चाळली.

"प्रेशर छान आहे. आणि हे तिसरं हिमोग्लोबिन का? रोज कुठे तपासता?"

"घरीच," आई म्हणाली. "मुलाने मशीन आणलंय."

"१२.६, १२.७. या वयात उत्तम. पण मध्ये हे एकदम ११.८ कसं झालं?"

"लग्नात किल्ली चालू राहिली होती."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "मग वाढलं कशाने? गोळ्या घेतल्यात?"

"छे हो," आई म्हणाली, "रात्रभर गॅलरीत चार्जरला लावून ठेवली होती."