‘वापरलेला माल नवीन म्हणून दिला’ या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार. दोन स्टार देताना आपण तीन तक्रारी लिहिल्या आहेत: 2 टीबीच्या ड्राइव्हवर 1,862 जीबीच दिसतात, एकही फाइल नसताना सुमारे 130 एमबी ‘यूज्ड’ होते, आणि मॅकवर चालावा म्हणून एक्सफॅट (विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालणारा फॉरमॅट) केल्यावर 200 एमबीच्या फोल्डरने 12 जीबी खाल्ले.

पहिली मोजमापाची बाब आहे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1,024 च्या. बाइट तेवढेच.

रिकाम्या ड्राइव्हवरचे 130 एमबी हा आधी कुणी वापरल्याचा पुरावा नाही. ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये येतो. त्यात जागा ‘क्लस्टर’ नावाच्या सारख्या तुकड्यांत वाटलेली असते. कोणता क्लस्टर भरलेला, कोणता मोकळा याची नोंद ठेवायला दर क्लस्टरमागे एक बिट लागतो. 4 केबीचे क्लस्टर धरले तर 2 टीबीसाठी ही नोंदच सुमारे 60 एमबी होते. बदलांची नोंद ठेवणारी लॉग फाइल साधारण 64 एमबीची. उरलेले एमएफटी (सगळ्या फाइलींच्या नोंदींचा तक्ता) वगैरेचे. कोरा करकरीत ड्राइव्हसुद्धा फॉरमॅट केल्यावर हेच दाखवेल, त्यामुळे बदलून घेऊन उपयोग नाही.

12 जीबीची गोष्ट खरी गंमतीची, कारण तिथे मेटाडेटाला, म्हणजे फाइलींबद्दलच्या अशा नोंदींना, उगाच बोल लागतोय. आपल्या फोल्डरमध्ये सुमारे 2 केबीच्या लाखभर फाइली आहेत. एवढ्या मोठ्या ड्राइव्हवर एक्सफॅटचा डिफॉल्ट क्लस्टर 128 केबीचा असतो आणि फाइल कितीही चिमुकली असली तरी अख्खा क्लस्टर अडवते. लाख गुणिले 128 केबी म्हणजे 12.2 जीबी. फाइलींच्या नावांच्या नोंदी मात्र दर फाइलमागे 96 बाइटपासून, म्हणजे सगळ्या मिळून जेमतेम 10 एमबी. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ या दोन ओळींतच सगळा हिशेब आहे.

तोच फोल्डर एनटीएफएसवर साधारण 500 एमबीत बसतो: दर फाइलला 4 केबीचा क्लस्टर आणि एमएफटीत 1 केबीची नोंद. ही नोंद ‘साइझ ऑन डिस्क’मध्ये धरली जात नाही, म्हणून ‘यूज्ड’ त्याहून जास्त वाढतं. शिवाय फाइली उडवल्या तरी एमएफटी आक्रसत नाही. रिकाम्या झालेल्या नोंदींच्या जागा पुढच्या फाइलींसाठी राखून राहतात.

मॅकवर लिहायचं असेल तर एक्सफॅटच ठेवा, पण हा फोल्डर झिप करून एकच फाइल म्हणून टाका. कॉपीही बरीच लवकर होईल. फक्त विंडोजवर वापरणार असाल तर पुन्हा एनटीएफएस करा. आधी डेटा दुसरीकडे हलवा, फॉरमॅटमध्ये सगळं जातं.

ड्राइव्ह वापरलेला आहे का, हे ‘यूज्ड स्पेस’वरून कळत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासायच्या प्रोग्रॅममध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे ड्राइव्ह एकूण किती तास चालू होता, ते बघा. काही यूएसबी केस हा आकडा पुढे पाठवत नाहीत. तसं झालं तर ड्राइव्ह घेऊन या, समोरच तपासू. तास शेकड्यांत निघाले तर त्याच दिवशी बदलून देऊ.