बातम्या बंद, बातमीदार चालू

मोबाईलमधून फेसबुक काढून टाकणं फार सोपं आहे, आयकॉन दाबून धरायचा, नको म्हणायचं, विषय संपला. कठीण आहे ते त्यानंतर डिचोलीत राहणं.

मी रोज रात्री झोपायच्या आधी अर्धा तास, म्हणजे बायकोच्या घड्याळात दीड तास, गोव्याचं वाटोळं कसं होतंय ते बघायचो. टुरिस्टाची जीप समुद्राच्या रेतीत रुतली, खाली कमेंट की टुरिस्टांना हाकला, त्याच्याखाली मग तुम्ही खाणार काय, त्याच्याखाली थेट एकमेकांचे बाप, आणि जीप राहिली बाजूला. डोंगर कापला, शेतात माती टाकली, कचरा, टॅक्सी... आणि पोस्ट कशावरचीही असो, अगदी मानकुराद आंब्याचा आज भाव काय एवढंच कोणी विचारलेलं असो, थोडं खाली गेलं की गाडी मराठी की कोकणी या स्टॉपवर येऊन थांबतेच. गोवा महाराष्ट्रात घालायचा का यावर १६ जानेवारी १९६७ ला ओपिनियन पोल झाला, मोजणी झाली, गोवा महाराष्ट्रात गेला नाही, पण फेसबुकवर ते मतदान अजून चालूच आहे आणि मीसुद्धा रात्री एक वाजता इमानेइतबारे मत टाकून यायचो.

२०२१ साली फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर आली त्यात असं होतं की २०१७ पासून त्यांनी इमोजींना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, आणि त्यात तो लाल तोंडाचा रागीटही आला. पुढे रागीटाचं वजन काढून घेतलं म्हणे. हे मी बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "बरं झालं बाई, कुठेतरी तुझ्या रागाला वजन होतं."

त्यानंतर ॲप गेलं आणि कागदाचा पेपर आला. पेपरचा मोठा गुण म्हणजे तो संपतो. बोटाने ढकलत राहा आणि खालून येतच राहील, ही युक्ती आझा रास्किन नावाच्या माणसाने २००६ साली काढली आणि नंतर त्यालाच त्याची हळहळ वाटली, पेपरवाल्यांना असली हळहळ नाही, शेवटचं पान आलं की आलं. शिवाय आमच्याकडे पेपर मयताच्या पानापासून वाचायचा असतो, त्यात ओळखीचं कोणी नसलं की बाकीच्या बातम्या कितीही वाईट असल्या तरी दिवस बरा सुरू झाला असं धरतात.

इथपर्यंत सगळं झकास. मग शेजारच्या काकांना कळलं की मी फेसबुकवर नाही.

काकांना वाटलं माझा फोन बिघडलाय. नाही म्हटल्यावर वाटलं माझंच काहीतरी बिघडलंय. तेव्हापासून सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंक पोंक हॉर्न वाजला, मी उंडे पाव घ्यायला फाटकापाशी गेलो की कंपाउंडच्या पलीकडून काका मोबाईल घेऊन हजर. "आयकलें मरे?" आणि व्हिडिओ फुल्ल आवाजात, वर कमेंट्सही वाचून दाखवणार, त्याही वेगवेगळ्या आवाजांत! दिल्लीवाल्याचा आवाज वेगळा, मुंबईवाल्याचा वेगळा, आणि मराठी-कोकणीचं असलं तर दोन्ही बाजू स्वतःच. फेसबुक बिचारं अंदाज बांधायचं की मला कशाचा राग येतो, काका मला चड्डीत असल्यापासून ओळखतात, त्यांना अंदाज बांधावा लागत नाही. आणि काकांना म्यूट नाही.

गाड्यावर भजी-पाव खायला गेलो तर तिथे वेगळीच पंचाईत. एकाने विचारलं, त्या प्रकरणावर तुझं मत काय? मी म्हटलं, कुठलं प्रकरण? सगळे गप्प. गाडेवाल्याने झारा कढईवरच धरला, एकाने हळूच विचारलं, "घरी सगळं बरं ना रे?" आणि दुसऱ्याने माझं बिल भरलं.

म्हणून रविवारी स्कूटर काढली, मयेवरून चोडणला गेलो, रायबंदरची फेरीबोट पकडली. मांडवी, चोडणच्या काठाला खारफुटी, तिथेच सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य, एक बगळा एका पायावर, कोणाशीही वाद न घालता. म्हटलं हेच ते ऑफलाइन जीवन. तेवढ्यात बाजूच्या स्कूटरवाल्याने इअरफोन न लावता व्हिडिओ लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, हे बघा." जीप. रेती. मी बघितला. काय करणार, फेरीतून उतरणार कुठे?

तरी एक सांगतो, बाहेरच्या जगात कमेंटला उत्तर लगेच मिळतं आणि ते हातात धरून बघता येतं. २०१८ च्या जुलैत माशांना फॉर्मेलिन लावतात अशी बातमी उठली, बाहेरून येणारी मासळी सरकारने काही दिवस बंदच केली, आणि श्रावण लागायच्या आधीच आमच्या घरात वालीची भाजी दिसायला लागली. व्हॉट्सॲपवर मेसेजांचा पूर. आमच्या दारावर येणारी मासळीवाली काही बोलली नाही, तिने टोपली उतरवली, माशाचा कल्ला उचलून लाल भाग आईच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, "बाय, हो पळय आनी मागीर उलय." म्हणजे हा बघ आणि मग बोल. आई काही बोलली नाही. सुरी काढली.

बाकी गैरसोय म्हणाल तर पाणी. नळाला पाणी कधी नाही, लाईट कधी जाणार हे सगळं आता वाड्याच्या ग्रुपवर येतं आणि मी त्या ग्रुपमधूनही उठलो होतो, कारण तिथे पाण्याच्या एका मेसेजमागे राजकारणाचे दहा असायचे. मग अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत बायकोशी तह झाला, ती मला फक्त तीन गोष्टी वाचून दाखवणार: पाणी, लाईट आणि मयत.

परवा तिने चौथं काहीतरी वाचायला घेतलं. मी कानांवर हात ठेवले. "अरे, उद्यापासून बंदी!" १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं, पण आज तारीख कोणती हे मला मोबाईलशिवाय कळायचं बंद झालं होतं. पिशवी घेऊन मार्केटात धावलो. काका परत येताना भेटले, बरे बरे बांगडे त्यांच्या पिशवीत होते, आणि म्हणाले, "सकाळीच तुला सांगणार होतो रे, पण तू कंपाउंडपाशी आलाच नाहीस."