रिकाम्या टोपलीचे ३५ ग्रॅम

आज बुधवार. नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात एका लसणाच्या दुकानापुढे एक मावशी पाव किलो लसूण मागत होत्या. इलेक्ट्रॉनिक काटा, त्यावर प्लास्टिकची टोपली. टोपलीत अजून एक गड्डी पडलेली नाही आणि आकडा ०.०३५. गिऱ्हाइकाच्या बाजूचा डिस्प्ले कॅरीबॅगच्या गठ्ठ्याआड. लसूण पडत गेला, ०.२५० झाले, पिशवीला गाठ बसली. मावशींच्या हातात २१५ ग्रॅम.

आता "एवढ्यावरून पोस्ट?" असं कुणीतरी लिहिणारच, म्हणून हिशेब आधीच मांडतो. हीच टोपली किलोभर घेणाऱ्याचेही ३५ ग्रॅमच खाते, म्हणजे साडेतीन टक्के. पाव किलोवाल्याचे १४ टक्के. आणि शंभर ग्रॅम घेऊन जाणाऱ्या बाईचे ३५ टक्के! पिशवी जेवढी लहान, तेवढा चावा मोठा. आणि रोज पाव किलोने कोण घेतं, हे आपल्याला सांगायला नको.

वजनमापवाल्यांनी, म्हणजे आपल्या वैधमापन शास्त्र खात्याने, आधी कुठे जायचं हे ठरवताना एवढं एकच गणित भिंतीवर लावावं. आलेल्या तक्रारी मोजून कामाचा क्रम लावाल तर तो चुकणारच. तक्रार कोण करतं? पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा पाच रुपये जास्त घेतले की फोटो काढून टाकणारा. मावशी १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावणार आहेत का? जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, २ वर्षांची मुदत आहे, सगळं कबूल. पण ३५ ग्रॅम लसणासाठी अर्धा दिवसाची मजुरी बुडवून कोण जातंय? त्यांना तर आपण फसलो हेच कळलेलं नाही. ज्याला कळतच नाही त्याच्यासाठीच तर निरीक्षक असतो ना!

पाकिटावरचा खटला सोपा असतो, त्रास त्याचा आहे. एसी दुकानात उभं राहायचं, बिस्किटाचा पुडा उलटा करायचा: निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत, तक्रारीचा फोन नंबर. काही राहिलं असेल, अक्षराची उंची मिलिमीटरने कमी भरली, की कागद तयार. हेही काम हवंच, नाही म्हणत नाही. पण ते पहिलं नको.

पहिलं काम बाजारात, संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, साध्या कपड्यांत. पाव किलो माल विकत घ्यायचा आणि दहा पावलांवर स्वतःच्या काट्यावर तोलायचा. मग परत येऊन दुकानदाराचा काटा बघायचा. सपाटीचा बुडबुडा गोलाच्या मधोमध आहे का, टोपली ठेवून शून्य केलंय का, एकच वजन मध्ये आणि चारी कोपऱ्यांत ठेवल्यावर आकडा तोच राहतो का. बहुतेक भाजीवाल्यांकडे ३० किलोचा, ५ ग्रॅमच्या टप्प्याचा काटा असतो. त्याची किमान क्षमता १०० ग्रॅम, पट्टीवर तसं लिहिलेलं असतं. त्यावर ५० ग्रॅम आलं तोलणं म्हणजे अंदाजपंचे. हे किती भाजीवाल्यांना कुणी सांगितलंय?

टोपलीची चोरी निदान डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही. काट्याच्या स्क्रूमधून तार ओवून शिशाचा शिक्का मारलेला असतो, तो तोडला की आत कॅलिब्रेशनला हात घालता येतो. मग ९५० ग्रॅमला १ किलो म्हणायला काट्याला शिकवता येतं. असा काटा रिकामा असताना अगदी सज्जनासारखं शून्य दाखवतो. मिठाचा १ किलोचा सीलबंद पुडा ठेवून बघा, पिशवीसकट हजाराच्या जरा वरच दिसायला हवा. त्या आकाराच्या पुड्यात १५ ग्रॅमपर्यंत कमी-जास्त कायद्याला चालतं, म्हणून पाच-दहा ग्रॅमवरून भांडू नका. पण आकडा हजाराच्या खूप वर गेला तर दुकान बदला.

आणि हे भाजीवाल्याला घरबसल्या जमत नाही. कुणीतरी दुरुस्तीवाला करून देतो. म्हणून दुसरं काम दुरुस्तीवाल्यांच्या नोंदवह्या: कोणाचा काटा उघडला, का उघडला, नंतर पडताळणी झाली का. एक दुरुस्तीवाला पकडला की त्याच्या हाताखालून गेलेले सगळे काटे सापडतात. हातगाड्या मोजत बसण्यापेक्षा हे बरं.

तिसरा भुईकाटा, अख्खी गाडी तोलायचा. कांद्याचा ट्रॅक्टर लासलगावला जावो नाहीतर पिंपळगावला, भरलेलं वजन घेताना ड्रायव्हर खाली उतरवला आणि रिकाम्या वजनाला वर बसवला, की त्याचे साठ-सत्तर किलो शेतकऱ्याच्या कांद्यातून गेले. मग घरचा सिलिंडर: कड्यावरच्या पट्टीवर रिकामं वजन असतं, त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवा आणि दारातच तोलून मागा. पाकिटांची छपाई त्यानंतर.

माणसं कमी आहेत, हे मान्य. निरीक्षकाचा बराच वेळ मुद्रांकनातच, म्हणजे काटे तपासून शिक्के मारण्यातच जातो, तेही मान्य. म्हणून तर क्रम लावायचा! सिंहस्थाला गंगेवर माणूस मावणार नाही, तेव्हा फुलं-प्रसादाची प्रत्येक टोपली वजनात धरली जाईल.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. तो लसूणवाला काही मोठा दरोडेखोर नाही. शेजारच्या गिऱ्हाइकाने "दादा, टोपलीसकट झिरो करा" म्हटल्यावर त्याने मुकाट्याने बटण दाबलं. मावशींना हाक मारून पिशवीत दोन गड्ड्या टाकल्या, "घ्या मावशी, वरकड." मावशी म्हणाल्या, "देव तुझं भलं करो रे बाबा."

काट्याच्या बगलेवर शिक्का होता. त्यात तिमाहीचं अक्षर असतं, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, पुढे बी, सी, डी, आणि शेजारी वर्षाचे दोन आकडे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी लागते. या शिक्क्यावरचं वर्ष तीन वर्षांपूर्वीचं होतं.