साठ एस्कुदांची नोट आणि रुपयाचा भाव

आमच्याकडे जुन्या कागदपत्रांच्या पेटीत साठ एस्कुदांची एक नोट आहे. १९५९ची, बँको नासिओनाल उल्ट्रामारिनो या पोर्तुगीज बँकेची, वर गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कचं चित्र. गोव्यातल्या बऱ्याच जुन्या घरांत अशी एखादी सापडेल. आता शंभरची नोट ठीक, पण साठची कोण छापतं? तर त्या सीरिजमध्ये ३०, ६०, ३०० आणि ६००च्याही नोटा आहेत, नाण्यांत ३ आणि ६ एस्कुद आहेत. कारण पोर्तुगालने गोव्यातला रुपिया काढून एस्कुद आणला तेव्हा भाव धरला १ रुपियाला ६ एस्कुद. म्हणजे जुनी ५ची नोट झाली ३०ची आणि १०ची झाली ६०ची, नाव नवीन पण आतला हिशोब सगळा रुपियाचाच.

आणि हा रुपिया तरी कुठला, तर १८७८च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानंतर तो इंग्रजांच्या रुपयाला जोडलेला, नाणी पाडली कलकत्त्याच्या टांकसाळीत, फक्त चेहरा पोर्तुगालच्या राजाचा, दों लुईशचा. करार १८९२ला संपला पण १६ तांगांचा (तांगा म्हणजे आपल्या आण्यासारखा) रुपिया लोकांच्या हातात राहिला.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे रुपया घसरला की ग्रुपवर जे मेसेज फिरायला लागतात ते. एक म्हणजे "१९४७ला एक रुपया म्हणजे एक डॉलर". हे साफ खोटं आहे. तेव्हा पाउंड १३.३३ रुपयांना होता आणि पाउंडाला साधारण ४ डॉलर, म्हणजे डॉलर ३ रुपये ३० पैशांच्या आसपास, कुणीही भागाकार करून बघा. आणि दुसरा खास आपल्या गोव्यातला, की लिबरेशननंतर एस्कुद मातीमोल भावाने घेतले आणि गोंयकार लुटला गेला.

या दुसऱ्याबद्दल मला खरंच पोटतिडकीने सांगायचंय. १९ डिसेंबर १९६१ नंतर भारत सरकारने एस्कुद बदलून दिले ते १ रुपयाला ६ या भावाने, म्हणजे पोर्तुगीजांनी स्वतः ठरवलेल्याच भावाने. आणि तो बाजाराला धरून होता का हेही तपासता येतं. तेव्हा डॉलर ४.७६ रुपयांना होता आणि २८.७५ एस्कुदांना. भागा. ६.०४ येतात. इतका चोख भाव होता, एक टक्कासुद्धा इकडेतिकडे नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांचं नोटेवरच्या त्या पोर्तुगीज बँकेमुळे झालं, भावामुळे नाही. लोकांनी गहाण ठेवलेलं सोनं बँकेने लिस्बनला नेलं आणि ते परत यायला १९९१ उजाडलं, तीस वर्षं, ठेवणारी कितीतरी माणसं तोवर गेलीसुद्धा. राग धरायचा तर तिथे धरा. (आणि त्याच १९९१च्या जुलैमध्ये भारताला स्वतःचं सोनं लंडनला गहाण टाकावं लागलं आणि रुपया दोनदा खाली आणावा लागला, ते वर्षच तसं होतं.)

पुढची गोष्ट तर कुणी सांगतच नाही. ६ जून १९६६ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६वरून ७.५०, त्यामुळे सहा एस्कुदांचा रुपया एका दिवसात चारच्याही खाली आला. इथे थांबलात तर म्हणाल, बघा, पोर्तुगीजांचं चलन किती पक्कं. पण थांबू नका ना. १९७४ला तिकडे क्रांती झाली, आफ्रिकेतल्या वसाहती गेल्या, महागाई भडकली, १९७७ आणि १९८३ला दोनदा आयएमएफकडे (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे) जावं लागलं आणि एस्कुद घसरत घसरत १९८५च्या सुमारास डॉलरला १७०च्या आसपास पोचला. आपला रुपया तेव्हा १२-साडेबाराला. म्हणजे एका रुपयाला तेरा-चौदा एस्कुद, १९६१च्या दुप्पट! त्या काळात तुम्हाला कुणी म्हणालं का की भारत पोर्तुगालपेक्षा श्रीमंत झाला? नाही, कारण तो झालाच नव्हता. मग पोर्तुगाल युरोपियन बाजारात गेला, १९९९ला एस्कुद युरोला २००.४८२ या दराने कायमचा बांधला गेला, तेव्हा हिशोब परत एका रुपयाला चारच्या आसपास, आणि आता युरो शंभरीच्या आसपास धरला तर दोन.

सहा, चार, चौदा, चार, दोन. यातला कुठलाही एक आकडा उचलून तुम्ही तुम्हाला हवी ती गोष्ट सांगू शकता, आणि नेमकं तेच चाललंय. भाव म्हणजे देशाची मार्कशीट नव्हे हो. त्यात दोन्हीकडची महागाई असते, व्यापार असतो, सरकारने मुद्दाम धरून ठेवलेला दर असतो. एकाच बाजूकडे बघून त्यातलं काही कळत नाही.

हे जुनं उगाळत बसलोय असं वाटेल, पण आमच्या तालुक्यातली पोरं आज पोर्तुगीज पासपोर्ट करून निघालीत आणि घरात बोलणं काय होतं, तर ८७० युरो, म्हणजे सत्त्याऐंशी हजार! ८७० हा पोर्तुगालचा २०२५चा किमान पगार होता. सगळे त्याला शंभराने गुणतात, पण लिस्बनच्या खोलीच्या भाड्याला, तिथल्या बसला, जेवणाला कुणी गुणत नाही. जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही, जरूर जा, पण पगार आणि खर्च दोन्ही युरोतच मांडा आणि हातात काय उरतं तेवढंच रुपयात करा.

माझी एक विनंती आहे. कुणाच्या घरी १९६०-६२च्या दुकानाच्या वह्या, पावत्या, भाटाचे (नारळाच्या बागेचे) हिशोब असतील, किंवा आजी-आजोबांना आठवत असेल की सहा एस्कुदांत किती तांदूळ यायचा, नारळ किती, माशांचा वाटा कितीला, तर खाली लिहा. भाव आपल्याला मिळालेत, मला किमती हव्यात.