मुलामा वेगळा, चांदी वेगळी

जुन्या नाण्यांवरच्या एका लेखात उत्तरकालीन रोमन नाणी सरसकट ‘मुलामा दिलेलं तांबं’ ठरवली आहेत. हे तिसऱ्या शतकातल्या अँटोनिनियानस या नाण्याला लागू पडतं. सम्राट कॅराकॅलाने इ.स. २१५ मध्ये ते काढलं तेव्हा त्यात निम्मी-अर्धी चांदी होती; ती घटत घटत २७० च्या आसपास पाच टक्क्यांखाली आली आणि उरला तो वरचा पातळ थर. असलं नाणं चिंच-लिंबाने घासलंत तर तो थर जातो आणि हातात तांबं राहतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, मऊ ब्रश फिरवा, तेवढं पुरे.

पण सुमारे २९४ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने पुन्हा चांगल्या चांदीचं आर्जेंटियस हे नाणं पाडलं. एका रोमन पौंडात ९६ नाणी, म्हणजे साधारण ३.४ ग्रॅम, काहींवर ‘एक्ससीव्हीआय’ (रोमन अंकांत ९६) हा आकडाच आहे. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातलं सिलिक्वा हे नाणं साधारण दोन ग्रॅमचं, तेही चांगल्या चांदीचं. खाली ‘टीआरपीएस’ दिसलं तर ‘टीआर’ म्हणजे (आजच्या जर्मनीतल्या) ट्रियरची टांकसाळ आणि ‘पीएस’ म्हणजे शुद्ध केलेली चांदी.

वजन कमी भरलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका, आधी कड बघा. ब्रिटनमध्ये कडा कातरून चांदी काढून घेत. १९९२ मध्ये सफोकातल्या हॉक्सन गावी सापडलेल्या साठ्यातल्या बहुतेक सिलिक्वा अशाच आहेत: अक्षरं गेलेली, सम्राटाचा चेहरा मात्र शाबूत! टांकसाळीची खूणही बरेचदा कातरली जाते, मग ओळख मुकुट आणि मागच्या चित्रावरूनच पटवावी लागते. आणि जुनी चांदी ठिसूळ होते, वाकलेलं नाणं सरळ करायला जाऊ नका.