‘आय लव्ह यू अगेन’: प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, इतकं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं की ‘आय लव्ह यू अगेन’ (१९४०) मध्ये डोक्याला वल्हं लागतं आणि माणूस मधली नऊ वर्षं विसरतो हे वैद्यकीयदृष्ट्या थोतांड आहे, आणि युद्ध संपल्यावर याच विषयावर ‘समव्हेअर इन द नाइट’ (१९४६) सारखा गंभीर सिनेमा आला, त्याच्यापुढे ही कॉमेडी म्हणजे पेशंटची थट्टा आहे.

पहिलं बरोबरच आहे. डोक्याला मार लागला की सहसा अपघाताच्या आसपासचं पुसलं जातं आणि नवीन गोष्टी लक्षात राहायला त्रास होतो. वर्षानुवर्षांचं आयुष्य गायब आणि बाकी माणूस ठणठणीत असं क्वचितच होतं. पण मग ४६ सालच्या सिनेमातला मरीन (अमेरिकी सैनिक) हाही स्वतःचं नाव विसरूनच लॉस एंजेलिसमध्ये एका माणसाचा माग काढत फिरतो ना! त्याला सूट द्यायची आणि कॉमेडीला नाही, हे मला पटत नाही.

आणि थट्टा नेमकी कोणाची होते ते बघा. नायक लॅरी विल्सन (विल्यम पॉवेल) हा गावातला प्रतिष्ठित, निर्व्यसनी, पैशाला चिकट, फावल्या वेळात मेलेले प्राणी पेंढा भरून ठेवणारा माणूस. वल्हं लागतं आणि तो परत जॉर्ज कॅरी होतो, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचा अट्टल भामटा. हसू येतं ते त्या प्रतिष्ठितपणाचं, आजाराचं नाही. बायको केय घटस्फोट घ्यायला निघालीये, आणि ज्या बाईशी आपलं लग्न झालंय तिला तो बंदरावर जणू पहिल्यांदाच बघतो आणि प्रेमातच पडतो, तिला मात्र तो तोच जुना कंटाळवाणा नवरा वाटत असतो, एकदा तर ती त्याचं डोकं मंद आचेवर भाजायची इच्छाही बोलून दाखवते! केय झालेली मर्ना लॉय हे इतक्या शांत चेहऱ्याने म्हणते की तिची सगळी वर्षं कशी गेली असतील ते कळतं. मला हा सिनेमा आवडतो तो यासाठी. रहस्यपटात विसरलेल्या माणसाला भीती असते की आपण पूर्वी काय केलं असेल, इथे तो लबाड होता हे आपल्याला लगेच कळतं, प्रश्न एवढाच उरतो की संसारात दुर्लक्षित राहिलेल्या बाईकडे कोणी नव्याने बघेल का. एवढा गंभीर प्रश्न हसतखेळत मांडायला पॉवेल आणि लॉयच हवेत, दोघांनी एकत्र १४ सिनेमे केलेत ते उगाच नाही.

तो केयपासून खरं लपवतो हा मुद्दा तुम्ही शेवटी ओझरता मांडलाय, खरंतर मला तोच सगळ्यात जड वाटतो. पैशासाठी घरात शिरलेला माणूस आहे तो, आणि दिग्दर्शक व्हॅन डाइक तिथे फार थांबत नाही, पुढच्या विनोदाकडे पळतो. त्यावर लिहा की अजून, वाचायला आवडेल. आणि लॅरीचा गावातल्या मुलांना घेऊन जंगलात जायचा प्रसंग लांबलाय, हे मात्र अगदी मान्य.