हॅरिसन झोपडीत जन्मला नव्हता आणि टिपेकनूला टेकम्से नव्हताच

गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड आला, अमेरिकेचे नववे राष्ट्राध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन यांच्यावर. लाकडी झोपडीत जन्मलेला गरीब पोरगा, सरहद्दीवर सैनिक झाला, टिपेकनूच्या लढाईत शॉनी या मूळनिवासी जमातीचा नेता टेकम्से याला हरवलं, हिमतीवर राष्ट्राध्यक्ष झाला, पण शपथविधीला थंडीत कोट न घालता भाषण केलं म्हणून न्यूमोनियाने महिन्याभरात गेला, आणि हे सगळं टेकम्सेच्या शापामुळे. लोक खाली हात जोडलेले इमोजी टाकतायत. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण ज्यांच्या जमिनी गेल्या ते लोक या गोष्टीत फक्त हरायला आणि शाप द्यायला येतात.

आधी झोपडी. हॅरिसनचा जन्म 1773 चा, व्हर्जिनियातल्या बर्कली नावाच्या मोठ्या मळ्यावर, जिथे गुलाम राबत होते. वडील बेंजामिन हॅरिसन, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे, नंतर व्हर्जिनियाचे गव्हर्नर. पोरगा मेडिकल शिकत होता ते सोडून 1791 ला सैन्यात गेला, आणि सासरा ओहायोत प्रचंड जमीन घेऊन विकणारा. यात गरिबी कुठेय? झोपडी आली 1840 च्या निवडणुकीत. विरोधी पेपरने टोमणा मारला की या म्हाताऱ्याला पेन्शन आणि सायडरचं (सफरचंदाच्या दारूचं) पिंप द्या, झोपडीत बसेल मजेत. हॅरिसनच्या व्हिग पक्षाने तोच टोमणा उचलला, मिरवणुकांत झोपड्या फिरवल्या, सायडर वाटली आणि निवडणूक जिंकली. म्हणजे आपण जे फॉरवर्ड करतोय ते पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं प्रचार साहित्य आहे.

आता टिपेकनू, आणि इथेच सगळ्यात मोठी चूक आहे. लढाई झाली 7 नोव्हेंबर 1811 ला आणि टेकम्से तिथे नव्हताच, तो दक्षिणेकडच्या जमातींना एकत्र आणायला गेला होता, टेकम्सेच्या गावात होता त्याचा भाऊ टेन्सक्वाटावा. हॅरिसनला हे माहीत होतं, टेकम्से लांब आहे तोवरच काम उरकायचं असाच त्याचा हिशोब होता. हजारेक माणसं घेऊन तो गावाजवळ जाऊन बसला, पहाटेच्या अंधारात गावकऱ्यांनी त्याच्या सैन्यावर हल्ला केला, त्याची साठच्या वर माणसं गेली, शंभराच्या वर जखमी झाली, मग गावकरी निघून गेले आणि त्याने रिकामं गाव जाळलं, साठवलेल्या धान्यासकट. हिवाळा तोंडावर असताना. टेकम्से मारला गेला तो दोन वर्षांनी, 5 ऑक्टोबर 1813 ला, कॅनडात थेम्स नदीवरच्या लढाईत.

पण भांडण मुळात कशावरून होतं ते फॉरवर्डमध्ये एका शब्दानेही नाही. हॅरिसन तेव्हा इंडियाना टेरिटरीचा (अजून राज्य न झालेल्या प्रदेशाचा) गव्हर्नर होता आणि 1809 मध्ये फोर्ट वेनला त्याने मायामी, डेलावेअर, पोटावाटोमी वगैरे जमातींच्या काही सरदारांकडून जवळपास 30 लाख एकर जमीन लिहून घेतली. टेकम्सेचं म्हणणं साधं होतं, जमीन सगळ्या जमातींची सामाईक आहे, चार सरदारांनी सह्या केल्या म्हणून ती विकली जात नाही. आपल्याकडे सामाईक सातबाऱ्यावर एकाच भावाने परस्पर सही केली की काय होतं ते कुणाला सांगायला नको. 1810 ला टेरिटरीची राजधानी विन्सेन्सला येऊन टेकम्सेने हे हॅरिसनच्या तोंडावर सांगितलं. आणि हाच गव्हर्नर त्या प्रदेशातली गुलामगिरीवरची बंदी दहा वर्षं उठवा म्हणून काँग्रेसकडे अर्ज करणाऱ्यांचा पुढारी होता, तेही कुणी लिहीत नाही.

थंडीचं सांगायचं तर 4 मार्च 1841 ला कोट आणि टोपीशिवाय पावणेदोन तासांच्या आसपास भाषण केलं हे खरंच आहे. पण आजारी पडला 26 मार्चला, तीन आठवड्यांनी! डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हटलं, वर अफू, एरंडेल, एनिमा असले उपचार केले आणि 4 एप्रिलला तो गेला. 2014 मध्ये दोन संशोधकांनी त्याच डॉक्टरांच्या नोंदी परत तपासल्या, त्यात पोटाचा त्रास ठळक दिसतो, आणि तेव्हा व्हाइट हाउसचं पाणी यायचं त्याच्या वरच्या बाजूला शहराचा मैला टाकायचे. त्यांच्या मते विषमज्वरासारखा आतड्याचा ताप असणार. शंभर टक्के सिद्ध झालंय असं मी म्हणत नाही, पण कोटवाल्या गोष्टीपेक्षा हे कितीतरी पटतं.

राहिला शाप. 1840 पासून दर वीस वर्षांनी निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष पदावर असताना मरतो म्हणे. मग 1848 ला निवडून आलेले झॅकरी टेलर 1850 ला पदावर असतानाच गेले ते कुठे बसवायचे? 1980 चे रेगन गोळी लागूनही वाचले, 2000 चे बुश तर दोन टर्म पूर्ण करून घरी गेले. टेकम्सेने शाप दिला असा त्याच्या काळातला काही पुरावाच नाही. त्याने जमिनीबद्दल काय सांगितलं ते मात्र नोंदलेलं आहे, आणि खुद्द हॅरिसनने 1811 मध्ये वरिष्ठांना पत्रात लिहिलंय की हा माणूस असामान्य बुद्धीचा आहे, अमेरिका शेजारी नसती तर याने मोठं साम्राज्य उभं केलं असतं. फॉरवर्ड करायचंच असेल तर ते पत्र करा ना.